चिन्ह बदलतं म्हणजे नक्की कुठलं चिन्ह?

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतेय:

"ताई, मी अकरावी सायन्सला आहे, लातूरला हॉस्टेलवर राहते. दहावीला गणितात चांगले मार्क होते. पण असमानता (बरोबरच्या ऐवजी < किंवा > असलेली गणितं) सुरू झाल्यापासून सगळं बिघडलंय. मायनसने गुणलं किंवा भागलं की चिन्ह उलटं करायचं हे मला पाठ आहे, वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय, तरी प्रत्येक टेस्टला तिथेच चुकतं. कधी उलटं करायचं राहतं, कधी नको तिथे करते. सर म्हणाले डोकं वापर. गावी बोअरला पाणी नाही तरी बाबांनी क्लासची फी भरलीय, त्यांना मार्क सांगायची लाज वाटते. मैत्रिणी म्हणतात मॅथ्स सोड, फक्त बायो ठेव. सोडू का? सोबत वहीच्या चार पानांचे फोटो पाठवतेय. – एक अकरावीवाली"

अगं, चारही पानं मी समोर कागद घेऊन स्वतः सोडवत बघितली. तुझी एकही बेरीज वजाबाकी चुकलेली नाही, गुणाकार चुकलेला नाही, अक्षर सुंदर आहे, पायऱ्या सोडलेल्या नाहीत. चूक एकच आहे आणि तीच चार ठिकाणी वेगवेगळे कपडे घालून आलीय. आणि ती चूक तुझ्या डोक्यात आली कुठून तेही मला कळलं, म्हणून तिथूनच सुरू करते.

पहिल्या पानावर दोन गणितं एकाखाली एक आहेत. (तू एक्स वाय लिहिलंयस, मी इथे क्ष आणि य लिहिते.) एक आहे −२क्ष < ६, त्याचं उत्तर तू लिहिलंस क्ष < −३. खालचं आहे २क्ष < −६, त्याचं लिहिलंस क्ष > −३. म्हणजे जिथे फिरवायला हवं होतं तिथे नाही फिरवलंस आणि जिथे नको होतं तिथे फिरवलंस. आता आठव, सातवी आठवीत समीकरणं शिकताना वर्गात काय घोकून घेतात, "या बाजूचं त्या बाजूला गेलं की चिन्ह बदलतं". प्लसचं मायनस, मायनसचं प्लस. आणि अकरावीत सांगतात "मायनसने गुणलं की चिन्ह बदलतं". वाक्य तेच, शब्द तेच, पण हे चिन्ह ते चिन्ह नाहीच! पहिल्यात बदलतं ते प्लस मायनस, दुसऱ्यात बदलतं ते लहानमोठ्याचं तोंड. मराठीत दोघांनाही आपण नुसतं चिन्ह म्हणतो आणि मग मुलांच्या डोक्यात एकच नियम तयार होतो की मायनस दिसला की काहीतरी बदलायचं. दुसऱ्या गणितात तुला उजवीकडे −६ मधला मायनस दिसला आणि हाताने तोंड फिरवलं. पण तिथे तू भागलंस कशाने? २ ने. २ धन आहे. −६ तिथे नुसता बसलाय, त्याने कोणाला गुणलेलं नाही की भागलेलं नाही.

म्हणून पहिलं काम, ते लाल पेनातलं वाक्य खोडून टाक, मनापासून सांगतेय. त्याच्या जागी प्रश्न लिही, "मी दोन्ही बाजूंना आत्ता काय केलं?" एखादी संख्या मिळवली किंवा वजा केली असेल, मग ती धन असो की ऋण, तोंड हलत नाही. धन संख्येने गुणलं भागलं, तोंड हलत नाही. ऋण संख्येने गुणलं भागलं, तरच फिरतं.

पण हे परत पाठच झालं, म्हणून का फिरतं ते समजून घे, एकदा दिसलं की पाठ करायला लागत नाही. तू बोअरचं लिहिलंस ना, तेच घेऊ. समज गावात दोन बोअर आहेत, एकाला पाणी ३०० फुटांवर लागतं, दुसऱ्याला ५०० फुटांवर. जमीन म्हणजे शून्य धर. मग पाण्याची पातळी एकाची −३०० आणि दुसऱ्याची −५००. कोणाची पातळी वर आहे? तीनशेवाल्याची, हे तुझ्या गावातलं पाच वर्षांचं पोरही सांगेल. म्हणजे −५०० < −३००. आता पातळी हा शब्द सोड आणि खोली म्हण. एकाची खोली ३००, दुसऱ्याची ५००, आणि ५०० > ३००. बोअर तेच, पाणी तिथेच, एक थेंब हललेला नाही, फक्त मगाशी आपण वरच्या दिशेने मोजत होतो आणि आता खालच्या दिशेने मोजतोय. पातळीला −१ ने गुणलं की खोली मिळते, आणि ज्याची पातळी जास्त त्याची खोली कमी. तोंड फिरतं ते एवढ्याचसाठी. संख्यारेषेवर बघायचं तर −१ ने गुणणं म्हणजे शून्यावर आरसा धरणं, जो उजवीकडे होता तो डावीकडे जातो. −२ ने गुणलं तर आरसा धरून वर दुप्पट ताणलं, ताणल्याने क्रम बदलत नाही, आरशाने बदलतो.

आणि "मोठं" या शब्दापासून जरा सांभाळून रहा. आपण बोलताना मोठं कर्ज म्हणतो, मोठा तोटा म्हणतो, म्हणून −८ हा −३ पेक्षा मोठा वाटतो, आतून वाटतोच. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन आणि ऋण यांचे नियम लिहिले तेव्हापासून हे ऋण म्हणजे कर्जच आहे, शब्दच तसा आहे. ८ हजाराचं कर्ज असलेला माणूस ३ हजाराचं कर्ज असलेल्यापेक्षा जास्त खड्ड्यात आहे, त्याचं कर्ज मोठं पण शिल्लक लहान. गणितात < हे तोंड शिल्लक बघतं, कर्ज बघत नाही. तू मनात वाचताना "मोठा" ऐवजी "उजवीकडे" असं वाचून बघ काही दिवस. −३ हा −८ च्या उजवीकडे आहे. इथे गोंधळच होत नाही.

थोडं पक्कं पण सांगते, कारण तू सायन्सला आहेस आणि तुला हे झेपेल. अ < ब याचा अर्थच मुळात एवढा की ब − अ ही धन संख्या आहे. बास, दुसरा काही अर्थ नाही. आता दोघांना ऋण संख्येने गुणलं तर फरकही त्या ऋणानेच गुणला जातो, धनाला ऋणाने गुणलं की ऋण, म्हणजे जो फरक धन होता तो ऋण झाला, म्हणजे जो मागे होता तो पुढे गेला. आणि दोघांत सारखीच संख्या मिळवली तर फरक तसाच राहतो, म्हणून मिळवताना काही होत नाही. तुला कुठेही शंका आली की मोठ्यातून लहान वजा करून बघ, धन येतंय का. −३ − (−८) = ५, धन, म्हणजे −३ पुढे.

आता परत −२क्ष < ६ कडे ये. तुला फिरवायची भीती वाटत असेल तर फिरवायची वेळच येऊ देऊ नकोस. दोन्हीकडे २क्ष मिळव, ० < ६ + २क्ष. दोन्हीकडून ६ वजा कर, −६ < २क्ष. २ ने भाग, −३ < क्ष. कुठे काही फिरवलं नाही आणि उत्तर आलं, क्ष हा −३ च्या उजवीकडे. मी माझ्या क्लासमध्ये पहिला महिनाभर मुलांना हेच करायला लावते, एक पायरी वाढते पण मार्क जात नाहीत. ऋणाने भागायची सवय नंतर आपोआप लागते.

दुसरं पान. हे मला सगळ्यात आवडलं, कारण यात चूक आहे पण ती चूक बोलतेय. क्ष आणि य पूर्णांक, −४ ≤ क्ष ≤ ३ आणि −५ ≤ य ≤ २. क्ष − य कुठून कुठपर्यंत जाईल? तू डाव्यातून डावं वजा केलंस, −४ − (−५) = १, आणि उजव्यातून उजवं, ३ − २ = १. मग लिहिलंस १ ≤ क्ष − य ≤ १, म्हणजे क्ष − य नेहमी १. आणि पुढे गेलीस! अगं इथे थांबायचं होतं. क्ष शून्य असू शकतो, य शून्य असू शकतो, दोन्ही दिलेल्या पट्ट्यात बसतात, मग वजाबाकी शून्य आली ना, १ कुठे आली. एक साधी जोडी टाकून बघितली असतीस तरी उत्तर पडलं असतं.

झालं काय, तर वजा य मध्ये य ला −१ ने गुणलंय हे लक्षात आलं नाही. −५ ≤ य ≤ २ ला आरसा धर, −२ ≤ −य ≤ ५. आता ही पट्टी क्ष च्या पट्टीत मिळव, −४ + (−२) = −६ आणि ३ + ५ = ८. म्हणून −६ ≤ क्ष − य ≤ ८. तोंडी विचार केला तरी तेच, वजाबाकी सगळ्यात मोठी कधी होणार, क्ष सगळ्यात पुढे असेल आणि य सगळ्यात मागे असेल तेव्हा, म्हणजे ३ − (−५), आठ. दोन असमानता एकमेकींत मिळवता येतात, तोंड एकाच दिशेला असेल तर, पण एकीतून दुसरी वजा करायची नाही, आणि न बघता एकमेकींनी गुणायची तर अजिबातच नाही.

गुणायचं म्हणजे तुझा त्याच पानावरचा ब प्रश्न. क्ष × य ची रेंज. तू लिहिलंस २० ≤ क्षय ≤ ६. जरा मोठ्याने वाच. वीस हे सहापेक्षा लहान किंवा सारखं. हे लिहिताना हात थांबला नाही कारण तू डावीकडच्या दोघांचा गुणाकार डावीकडे लिहायचा अशी पद्धत चालवत होतीस, आकड्यांकडे बघत नव्हतीस, आणि ही घाई प्रत्येकाची होते टेस्टमध्ये. इथे चारही टोकं गुणून बघायची. (−४)(−५) = २०, (−४)(२) = −८, (३)(−५) = −१५, (३)(२) = ६. सगळ्यात मोठा २०, सगळ्यात लहान −१५. टोकंच का, तर य एका जागी धरून ठेव आणि क्ष सरकवत ने, गुणाकार एकाच दिशेने वाढत जातो किंवा एकाच दिशेने कमी होत जातो (य शून्य असेल तर हलतच नाही), म्हणजे मोठ्यात मोठा आणि लहानात लहान टोकालाच सापडणार, मग तसंच य साठी. मुलं इथे २० विसरतात कारण दोन सगळ्यात "छोट्या" संख्यांचा गुणाकार सगळ्यात मोठा होईल असं मनाला पटत नाही. ऋण गुणिले ऋण धन हे नुसतं घोकलेलं असतं ना. तुमच्या जेईई मेन नाहीतर नीटच्या मार्किंगमध्ये बघ, चुकीच्या उत्तराला −१. तुझी पाच उत्तरं चुकीची धरली होती आणि नंतर कळलं की ती पाचही तुझ्या नावावर चुकून लागली होती, ती काढून टाकली, तर तुझे मार्क ५ ने वाढले. पाच वेळा −१ काढून घेतला, म्हणजे (−५) × (−१), आले +५. काढून घेणं हा एक मायनस आणि दंड हा दुसरा.

तिसरं पान वर्गाचं. −४ ≤ क्ष ≤ ३ म्हणून १६ ≤ क्ष² ≤ ९. परत तेच, सोळा नवापेक्षा लहान. पण इथे टोकंसुद्धा पुरत नाहीत, हे नीट बघ. क्ष −४ पासून निघाला, वर्ग १६. −३ ला ९, −२ ला ४, −१ ला १, शून्याला ०, आणि मग परत वर चढला १, ४, ९. म्हणजे वर्ग आधी उतरतो मग चढतो आणि तळ मध्येच आहे, शून्यापाशी. म्हणून ० ≤ क्ष² ≤ १६. पट्टीच्या मध्ये शून्य अडकलेलं असेल तर वर्गाचा तळ शून्यच. दोन्ही टोकं धन असती तर सरळ वर्ग केलेला चालला असता, दोन्ही ऋण असती तर वर्ग केल्यावर तोंड फिरलं असतं (−५ < −२ पण २५ > ४), आणि एक इकडे एक तिकडे असेल तर नुसतं अ < ब वरून वर्गांबद्दल काहीच सांगता येत नाही, −५ < ३ आणि २५ > ९, पण −२ < ३ आणि ४ < ९.

वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं, म्हणून हे सगळं. यावरून भास्कराचार्यांचं माकडांचं गणित सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बाराव्या शतकातलं, त्यांच्या बीजगणित ग्रंथातलं. (त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला होता, तसा शिलालेख तिथे सापडलाय.) कळपाचा पाचवा भाग घे, त्यातून ३ कमी कर, जे येईल त्याचा वर्ग कर, तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय, तर कळपात किती? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पन्नासचं सरळ आहे, पाचवा भाग १०, तीन कमी ७, वर्ग ४९, आणि एक. पाचचं बघ, पाचवा भाग १, तीन कमी म्हणजे −२, त्याचा वर्ग ४, आणि एक, पाच. समीकरण बरोबर सुटतं! पण मध्ये −२ माकडं आली आणि वर्गाने ती झाकून टाकली. भास्कराचार्यांनी दुसरं उत्तर घेऊ नका म्हणून सांगितलं, कारण अशा ऋण गोष्टीवर लोकांचा विश्वास बसत नाही. त्यांनी उत्तर मिळाल्यावर मागे जाऊन आत काय चाललंय ते बघितलं. मला तुझ्याकडून तेवढंच हवंय, उत्तर आलं की ते मूळ गणितात टाकून एकदा बघायचं.

चौथ्या पानावर खरी अवघड गोष्ट आहे आणि ती चुकली याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही, चांगली चांगली मुलं चुकतात. −५ ते ५ मधले शून्य सोडून किती पूर्णांक ६/क्ष < २ मध्ये बसतात? तू दोन्हीकडे क्ष ने गुणलंस, ६ < २क्ष, क्ष > ३, म्हणजे ४ आणि ५, उत्तर दोन. पण क्ष ने गुणताना तुला माहीत होतं का तो धन आहे की ऋण? नव्हतं. आकडा असतो तेव्हा मायनस दिसतो तरी, अक्षराच्या पोटात लपलेला असतो. −१ टाकून बघ, ६/(−१) = −६, आणि −६ < २, बसतंय की. सगळेच ऋण बसतात, कारण ६ भागिले ऋण ही संख्या ऋणच येणार आणि ती २ पेक्षा मागेच असणार. म्हणजे −५, −४, −३, −२, −१ हे पाच आणि ४, ५ हे दोन, एकूण सात. ३ बसत नाही, तिथे ६/३ बरोबर २ येतात. असं गणित आलं की दोन भाग पाडायचे, क्ष धन असेल तर काय आणि क्ष ऋण असेल तर काय, दोन वेगळे रकाने, आणि मगच गुणायचं. ज्याचं चिन्ह माहीत नाही त्याने गुणायचं नाही.

यातच अजून एक, तू समासात प्रश्नचिन्ह काढलंयस ते. क्ष ऋण असेल तर क्ष चं केवलमूल्य (म्हणजे शून्यापासूनचं अंतर) −क्ष असतं असं पुस्तकात आहे आणि तू विचारलंस केवलमूल्य मायनसमध्ये कसं. −क्ष म्हणजे ऋण संख्या असं नाही, −क्ष म्हणजे क्ष ची विरुद्ध संख्या. क्ष −७ असेल तर −क्ष म्हणजे ७. अक्षराच्या पुढचा मायनस नुसता आरसा आहे, आरशात धन दिसेल की ऋण ते समोर कोण उभं आहे त्यावर.

सवय कुठली लावायची विचारशील तर मी एकच सांगते, पेपर सुटायच्या आधी प्रत्येक असमानतेच्या उत्तरात तीन आकडे टाकायचे, एक ऋण, शून्य, एक धन. पूर्णांकांच्या गणितात बहुतेक वेळा एवढ्यात चूक पकडली जाते, पूर्णांक नसतील तर अर्धा पण टाकायचा, कारण अर्ध्याचा वर्ग अर्ध्यापेक्षा लहान होतो आणि तिथेही मुलं फसतात. तुझ्या पहिल्या पानावर क्ष < −३ उत्तर लिहिल्यावर शून्य टाकलं असतंस तर −२ × ० = ०, आणि ० < ६ खरं, म्हणजे शून्य उत्तरात हवा, पण तुझ्या उत्तरात नाही. दहा सेकंद लागतात.

आता मॅथ्स सोडायचं का. तुला बायो मनापासून आवडत असेल, डॉक्टर नाहीतर नर्सिंग नाहीतर शेतीचं काही करायचं असेल, तर मॅथ्स सोडण्यात काहीही कमीपणा नाही, खुशाल सोड. पण −२क्ष < ६ साठी सोडू नकोस. दहावीपर्यंत तू बहुतेक सगळं "बरोबर"चं गणित केलंस, तिथे दोन्ही बाजूंना मायनसने गुणलं तरी बरोबरचं चिन्ह बरोबरच राहतं, म्हणून मायनस कुठून आला, कोणाला लागलाय हे बघायची गरज कधी पडलीच नाही. आता पहिल्यांदा पडलीय. सर डोकं वापर म्हणाले ते मनाला लावून घेऊ नकोस, डोकं तू वापरतेच आहेस, फक्त नियम चुकीचा धरला होतास.

आणि बाबांना फोन कर. मार्क सांग, किती पडले तेही सांग आणि कुठे चुकलं तेही सांग, बोअरच्या पातळीचं आणि खोलीचं उदाहरण देऊनच सांग, त्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा लवकर कळेल. मग ही दोन गणितं सोडवून मला पाठव, उत्तरं मी देत नाही: क्ष पूर्णांक आहे आणि −३ ≤ क्ष ≤ २, तर क्ष² + २क्ष सगळ्यात लहान किती आणि कुठल्या क्ष ला? आणि दुसरं, अ < ब < ०, तर १/अ आणि १/ब यातलं उजवीकडे कोण? दुसऱ्याला आधी आकडे टाकून बघ, मग फरक काढून कारण लिही.